तारा जुळल्या, माणसे जुळली काय?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



इंटरनेटने आणि जागतिकीकरणाने सारे जग एक कुटुंब झाले, असे आज उच्चरवाने सांगितले जाते. या दाव्याची परीक्षा प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवरच झाली पाहिजे.

ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा या इमारतीत तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. युरोप-अमेरिकेतील बाजारपेठांसाठी तेथे शिलाई चाले. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेले. खालच्या मजल्यांवरील बँक व दुकाने बंद झाली. कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापण्याची धमकी देऊन आत पाठविण्यात आले. त्या सकाळी इमारत कोसळली. १,१३४ जीव गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

नमुना, भाव, मुदत हे सारे समुद्रापलीकडून क्षणार्धात कळविता येईल, इतके जग जवळ आले होते. परंतु तडे गेलेल्या इमारतीत पाऊल टाकण्यास नकार देण्याचे बळ कामगारांजवळ नव्हते. त्या पाचांपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती.

ढिगाऱ्याखाली एकमेकांच्या मिठीत मरण पावलेल्या स्त्री-पुरुषाचे तस्लिमा अख्तर यांनी टिपलेले छायाचित्र जगभर पोहोचले. इंटरनेटचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र हळहळ ही जवळीक नव्हे. तिला उत्तरदायित्व नसते.

उत्तरदायित्व आले ते संघटित शक्तीमुळे. मे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय व बांगलादेशी कामगार संघटनांनी कंपन्यांशी कायद्याने बंधनकारक करार केला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. स्वतंत्र तपासणी आणि धोक्याचे काम नाकारण्याचा हक्क त्यात होता. तपासणीचे अहवाल इंटरनेटवर सर्वांसाठी खुले झाले. अमेरिकेतील काही बड्या कंपन्यांनी करार टाळून आपली निराळी व्यवस्था उभारली, यावरूनच त्याचे मोल कळते.

हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्यांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले गेले. गिरणगाव आणि भिवंडी यांत अंतर तासा-दोन तासांचे. तरीही दोन्हीकडच्या श्रमिकांत एकजूट नव्हती, म्हणून एकाचे श्रम दुसऱ्याविरुद्ध वापरता आले. मालकांना जोडणारा रस्ता होता. कामगारांना जोडणारी संघटना नव्हती.

अंतर किलोमीटरांनी मोजायचे नसते. एकाच्या संकटात दुसरा बांधला गेला आहे काय, हेच त्याचे माप. आज कार्यकर्त्याच्या हाती मोबाइल आहे, तो जरूर वापरावा. परंतु संदेश पुढे पाठविला म्हणजे संघटन झाले, असे समजू नये. ज्याला संदेश गेला, त्याच्या कारखान्याच्या दारापर्यंत जाण्याचे काम उरतेच, आणि ते चळवळीलाच करावे लागेल.