तारखेला हजर



‘निराशेच्या काळात श्रद्धा कशी टिकवावी’ असा विषय व्याख्यानमालेनं मला दिला आहे. हा खरा कीर्तनकाराचा विषय. पोलादपूर तालुक्यात सप्ताह चुकत नाहीत, तेव्हा याबाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ऐकलेलं आहे. शिवाय 2021 च्या जुलैत तळियेला, केवनाळ्याला, साखर सुतारवाडीला डोंगर खाली आला. त्या घरांतलं कुणी समोर बसलं असेल, तर माईकवरून ‘धीर धरा’ म्हणायची माझी छाती नाही. म्हणून मी एका दाव्याची हकिगत सांगतो. दावा आपल्या महाडचाच.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. मला सांगायचंय ते त्याच्या मागचं आणि पुढचं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं 1923 मध्येच केला होता. पुढच्या वर्षी महाडच्या म्युनिसिपालिटीनंही तसा ठराव केला. तरी 1927 च्या मार्चात महाडला अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं भरलेलं, आणि माणसं विकतचं पाणी पितायत! मग तळ्यावर मोर्चा गेला. पाठोपाठ, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि परतीच्या वाटेवरच्या लोकांची डोकी फुटली. तळं शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरींनी ‘शुद्ध’ झालं. ऑगस्टमध्ये म्युनिसिपालिटीनं आपलाच ठराव मागे घेतला. म्हणजे जे निदान कागदावर होतं, ते कागदावरूनही गेलं.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा जमायचं ठरलं. 12 डिसेंबरला काही सनातनी मंडळींनी महाडच्या कोर्टात दावा लावला, दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम आला. बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी पद्मावती बोटीनं निघून दासगावला उतरली, तिथून पायी महाडला आली. मंडपाला कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. बाजार बंद, म्हणून शिधा बाहेरून आणलेला. 25 तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली. लोक तुरुंगात जायच्या तयारीनं आले होते, तळं हाकेच्या अंतरावर होतं. अशा वेळी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करावा, असं सांगायला बाबासाहेब उभे राहिले.

मला स्वतःला 20 मार्चपेक्षा हा प्रसंग अवघड वाटतो. पेटलेल्या माणसाला पुढे हो म्हणायला फारसं काही लागत नाही. पण घरदार सोडून आलेल्या हजारो माणसांना कोरड्या घशानं परत पाठवायचं, तेही ज्या कोर्टानं त्यांना अडवलंय त्याच कोर्टावर हवाला ठेवून! लोकांनी वाद घातला आणि शेवटी ऐकलं. 27 तारखेला मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून आली. पाण्याला कुणी शिवलं नाही.

आणि मग तारखा पडायला लागल्या. तारखा म्हणजे काय, हे बांधाच्या भांडणात दोन पिढ्या घातलेल्या कोकणी माणसाला मी काय सांगावं! वादींचं म्हणणं असं, की तळं खाजगी आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादि काळापासूनची. 1931 मध्ये महाडचं कोर्ट, 1933 मध्ये ठाण्याचं जिल्हा कोर्ट, दोन्हीकडे वादी हरले. ते हायकोर्टात गेले. तिथे ब्रूमफील्ड आणि वाडिया हे न्यायमूर्ती होते. ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची सजा सुनावणारे तेच. तळं चार-पाच एकरांचं, चहूबाजूंनी म्युनिसिपालिटीचा रस्ता, पलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं. पाणी मुसलमानांना चालत होतं. वहिवाट अनादि असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. 17 मार्च 1937 ला अपील फेटाळलं गेलं. दहा वर्षं भरायला तीन दिवस कमी.

मधल्या दहा वर्षांत बाबासाहेब आशावादी राहिले असं कुणी म्हणालं, तर मानू नका. काळाराम मंदिराच्या दारात पाच वर्षं गेली. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. समोरच्यांचं मन पालटेल यावरची श्रद्धा त्यांनी उघड सोडून दिली होती. दाव्याची लढाई मात्र सोडली नाही. कशावरची आशा टाकायची आणि कशाला धरून राहायचं, याचा हिशेब त्यांनी वेगवेगळा ठेवला. आपण एका ठिकाणी ठेच लागली, की सगळंच फुकट म्हणून मोकळे होतो.

आणखी मागं जा. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले. 1888 मध्ये त्यांनी अस्पृश्यतेवर सवाल करणारी पुस्तिका काढली, महारांची लष्करभरती बंद झाल्यावर अर्ज लिहिला, महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा सवर्णांचा रोष सोसला. 1900 मध्ये ते वारले. तळ्याचं पाणी काही त्यांना मिळालं नाही. पुढे याच भागातला रामचंद्र मोरे नावाचा मुलगा, शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत घेईनात, तेव्हा पेपरला पत्र धाडून प्रवेश मिळवता झाला. परिषदेच्या मागे राबला तो हाच मोरे. बाजाराला, कोर्टाला येणाऱ्या अस्पृश्यांना महाडात कुणी पाणी देत नसे, म्हणून त्यानं चहाचं दुकान घातलं. तिथे चहा मिळे आणि अर्जही लिहून मिळत.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. घराचे, जागेचे, पुनर्वसनाचे कागद ज्यांचे तालुक्याला अडकलेत, त्यांनी आधी बोलावं. सोबत अर्जाची पोच असेल तर घेऊनच पुढे या.