टेबल बदललं, हात तोच



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत गोधडीवरून वाद झाला. मोठी गोधडी हाताने शिवायला महिना जातो. टाका इतका बारीक, की बघणारा त्यावरून हात फिरवल्याशिवाय राहत नाही. पण भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्या लुगड्यांचीच ना?" एकीने सुचवलं, मोठ्या गोधड्या थांबवू, बाळांच्या छोट्या गोधड्या करू. त्यावर आमच्यातल्या वयस्क काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण हरलो म्हणायचं का?"

त्यांना उत्तर देता येईना. म्हणून आज एका खेळाडू बाईची हकिगत सांगतो.

तिचं नाव ॲलिसन फिशर. इंग्लंडची, जन्म १९६८ चा. तिचा खेळ स्नूकर. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल, त्यावर हिरवं कापड. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत आणि एक पांढरा. लांब काठीने फक्त पांढऱ्याला टोला द्यायचा आणि त्याच्या धक्क्याने बाकीचे चेंडू टेबलाच्या खिशांत घालवायचे. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी हा खेळ सुरू केला, असं सांगतात. यात लागते नजर, हिशोब आणि न थरथरणारा हात. मग बाई मागे का पडावी?

पण इंग्लंडातल्या अनेक कामगार क्लबांत बायकांना त्या टेबलावर खेळू देत नसत. १९७८ साली वेकफील्ड गावच्या शीला कॅपस्टिक यांना अशीच मनाई झाली. त्या गप्प बसल्या नाहीत, त्यांनी मोहीम उभी केली. त्या क्लबांच्या संघटनेने बायकांना बरोबरीचा हक्क दिला तो २००७ मध्ये. एकोणतीस वर्षं लागली!

ॲलिसनने सात वर्षांची असताना टीव्हीवर हा खेळ पाहिला आणि छोट्या टेबलावर सुरुवात केली. सतराव्या वर्षी, १९८५ साली, ती महिलांची विश्वविजेती झाली. १९९४ पर्यंत तिने हा किताब सात वेळा जिंकला. १९९१ मध्ये व्यावसायिक स्नूकर सगळ्यांना खुलं झालं, तेव्हा ती पुरुषांच्या स्पर्धांतही उतरली. त्याच वर्षी स्टीव्ह डेव्हिस या नामवंत खेळाडूच्या जोडीने तिने मिश्र दुहेरीचं विश्वविजेतेपद मिळवलं. पुरुषांच्या वरच्या फळीत मात्र तिला जागा मिळवता आली नाही, हेही सांगायला हवं. आणि बायकांच्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम अगदी थोडी. सात वेळा जगात पहिली येऊनही त्यावर पोट भरण्याची खात्री नाही. आपल्या गोधडीसारखंच की!

१९९५ साली, सत्तावीस वर्षांची असताना, ती अमेरिकेला गेली. तिथे पूल नावाचा खेळ चालतो. टेबल लहान, नऊ फुटी. चेंडू जरा मोठे, खिसे रुंद, नियम वेगळे. नऊ चेंडूंच्या प्रकारात टेबलावरचा सगळ्यात लहान आकड्याचा चेंडू आधी लागला पाहिजे, आणि नऊ नंबरचा खिशात घालेल तो जिंकतो. पहिला फटका जोराचा, चेंडू फोडायचा. हे सगळं नव्याने शिकायचं होतं. पण बारा फुटी टेबलावर घटवलेला सरळ, शांत हात तिच्याबरोबर गेला होता. आणि तिथे बायकांच्या स्वतःच्या व्यावसायिक स्पर्धा भरत होत्या, टीव्हीवर दिसत होत्या.

१९९६, १९९७, १९९८ आणि २००१, चार वेळा ती नऊ चेंडूंच्या पूलची विश्वविजेती झाली. अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धा तिने पन्नासहून अधिक जिंकल्या. २००९ मध्ये तिथल्या मानाच्या यादीत तिचं नाव लागलं. पुढे करेन कॉर आणि केली फिशर या स्नूकरच्या विश्वविजेत्याही पूलकडे वळल्या.

मग ॲलिसन हरली का? आम्हांला तसं वाटत नाही. नुकसान झालं ते स्नूकरचं. ज्या खेळाने आपल्या उत्तम खेळाडू बायकांना पोटापुरतं दिलं नाही, त्याच्या हातून त्या गेल्या. पण सगळ्याच निघून गेल्या असत्या, तर क्लबचं दार कोणी ठोठावलं असतं? ॲलिसनने आपला हात दुसऱ्या टेबलावर नेला, शीलाबाई त्याच दारात उभ्या राहिल्या. दोघींचीही गरज होती.

आमच्या गटाने शेवटी दोन्ही ठरवलं. बाजारासाठी छोट्या गोधड्या, टाका तोच. आणि एक मोठी गोधडी कायम शिवायला घेतलेली असेल. तिला किती दिवस लागले आणि त्या दिवसांची मजुरी किती, ते चिठ्ठीवर लिहून गोधडीलाच टाचायचं. भाव त्याखाली उतरणार नाही. पहिल्या गोधडीचा पहिला टाका काकूंनीच घातला.

तुमच्या हातातलं कसब आज कुठल्या टेबलावर अडलंय, याचा विचार करा आणि पुढच्या बैठकीत मांडा.