बांधकामाच्या काळातील वाहनतळ : एक ताळेबंद
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या आवारात उभ्या राहत असलेल्या सामुदायिक आरोग्य केंद्राचा जमाखर्च या अहवालात अन्यत्र दिला आहे. आज आम्ही अशा एका खर्चाविषयी बोलणार आहोत, जो कोणत्याही खतावणीत नोंदला जात नाही. तो म्हणजे वाहने उभी करण्याच्या जागेचा.

पायाखोदाई सुरू झाली आणि समोरील वाहनतळ खडी, वाळू व सळ्यांनी व्यापला. त्या वेळी आम्ही घेतलेला निर्णय चुकीचा होता, हे येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. डॉक्टर व कर्मचाऱ्यांची वाहने आम्ही आतील मोकळ्या जागेत ठेवली आणि रुग्णांची वाहने बाजारतळावर पाठविली. एका पावसाळी सकाळी पश्चिम पट्ट्यातून जीपने आणलेल्या एका गरोदर भगिनीस तेथून आमच्या दारापर्यंत चालत यावे लागले. माता व बालक सुखरूप राहिले, हे सुदैव. त्याचे श्रेय आमच्या नियोजनास नाही.

त्यानंतर आम्ही हिशेब मांडला. एका मोटारीस सुमारे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. कर्मचाऱ्याची मोटार तेथे आठ तास उभी राहते. बाह्यरुग्ण विभागात आलेल्याची साधारण दोन तास. म्हणजे एका कर्मचाऱ्याने सोडलेली जागा दिवसात चार रुग्णांच्या उपयोगी पडते.

म्हणून व्यवस्था उलट केली. प्रशासन कार्यालयापासून आरंभ करून सर्व कर्मचाऱ्यांची वाहने बाजारतळावर गेली. आतील जागा रुग्णांना मिळाली. प्रवेशद्वारासमोर केवळ रुग्णवाहिका व रुग्णास उतरविणारे वाहन थांबेल, असे ठरले. बांधकामाचे ट्रक बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत आणावयाचे नाहीत, अशी अट ठेकेदारास घातली. आठवडे बाजाराच्या दिवशी बाजारतळ उपलब्ध नसतो. त्या दिवशी कर्मचारी एकमेकांच्या वाहनाने किंवा एस.टी.ने येतात. प्रारंभी कुरबुर झाली, परंतु ज्येष्ठ डॉक्टर स्वतः चिखलातून चालत येऊ लागल्यावर ती थांबली.

वाट अडण्याचा अर्थ या तालुक्यांना सांगावा लागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ जणांचा बळी गेला. संततधार पाऊस व अरुंद रस्ता यांतून मदत पोहोचविणे किती कठीण असते, हे आंबेगावने तेव्हा पाहिले. त्याच वर्षी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. आहुपे किंवा आंबे-हातवीजकडून घाटवाट कापून आलेले वाहन रुग्णालयाच्या शेवटच्या पन्नास पावलांवर अडावे, याहून खेदाची गोष्ट नाही.

या काळात आपले ओटे व अंगणे वाहनांसाठी खुली करणारे शेजारी, शिस्त पाळणारे रिक्षा व जीपचालक आणि उन्हापावसात उभे राहिलेले आमचे पहारेकरी यांचे आम्ही ऋणी आहोत.

इमारत पूर्ण झाल्यावर समोरील जागा पुन्हा मोकळी होईल आणि जुन्या सवयीही परतू पाहतील. तेव्हा दारालगतची जागा कायम रुग्णांची राहील, असा ठराव विश्वस्त मंडळाने आजच करावा, ही आमची नम्र विनंती आहे.