जुन्या फटफटीचा ब्रेक

वडिलांची अथवा आजोबांची बुलेट दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद पुष्कळ घरांत शिरला आहे. १९५५ सालीं मद्रासेस या गाड्या तयार होऊं लागल्या. तेव्हां त्यांतील कांहींची साठी केव्हांच उलटून गेली आहे. टांकीला नवा रंग चढतो, मुलामा चकाकूं लागतो, आणि पहिल्या किकेस इंजिन जागें झालें कीं घरचीं मंडळी कृतार्थ होतात. परंतु गाडी चालविणाऱ्या यंत्राचें जें कौतुक होतें, त्याचा अल्पांश तरी ती थांबविणाऱ्या ब्रेकच्या वांट्यास येतो काय?

या गाड्यांच्या चाकाच्या मध्यभागीं लोखंडी ड्रम असतो. त्याच्या पोटांत दोन अर्धवर्तुळाकार शू बसविलेले असतात. मुठीजवळची दांडी ओढली किंवा पेडल दाबलें कीं कॅम फिरतो, शूंना फांकवितो, आणि त्यांवर जडविलेला लायनर ड्रमला घासून चाकाची गति रोखतो. या लायनरचें मूळ मोठें मौजेचें आहे. इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांतील उतारांवर शेतकरी आपल्या गाड्यांच्या लांकडी ब्रेकला जुन्या बुटांचें कातडें ठोकीत. तें पाहून हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ च्या सुमारास अधिक टिकाऊ अस्तर करण्याचा उद्योग आरंभिला. आजचा लायनर हा त्या बुटाचाच वंशज. आणि बुटाप्रमाणेंच तोही झिजावयासाठींच जन्मास आलेला असतो.

लायनर झिजला कीं ब्रेक सैल पडतो. बाहेरचा नट आवळला कीं तो पुन्हा घट्ट लागतो. येथेंच घात होतो. नट झीज भरून काढीत नाहीं, ती झांकून ठेवतो. शू ड्रमपर्यंत पोंचविण्यासाठीं कॅमला आतां अधिक वळावें लागतें. ब्रेक पूर्ण दाबला असतां कॅमची तरफ व तिला ओढणारी तार यांत सुमारें ९० अंशांचा कोन असला तर हाताचें बळ कामीं येतें. कोन त्याच्या फार पलीकडे गेला कीं तेंच बळ वायां जातें. मग कोणी दांतेरी तरफ काढून एक दांता मागें बसवितो. बाहेरचा कोन सुधारतो, आंतली झीज तशीच राहते. ती पराकोटीस गेली म्हणजे कॅम शूंच्या मध्यें उलटून अडकतो, शू मिटत नाहींत, आणि धांवतें चाक जागच्या जागीं जखडतें. मागें बसलेल्या माणसास याची पूर्वसूचना मिळत नाहीं.

म्हणून दुरुस्ती आंतून व्हावी. चाक उतरविल्यावर ड्रममधील धूळ फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि तें फुप्फुसांस घातक आहे. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून, ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी. तेल प्यालेला लायनर धुवून वापरण्याचा मोह टाळावा. नवा लायनर जडवितांना मधल्या रिव्हेटापासून आरंभ करून टोकांकडे जावें, म्हणजे तो शूला सर्वत्र चिकटून बसतो. रिव्हेटांचीं डोकीं पृष्ठभागाच्या पुरेशीं खालीं असावींत. नाहींतर तीं ड्रमला ओरखडतात. ब्रेक दाबतांना ठोके जाणवत असतील तर ड्रमची गोलाई गेली आहे कीं काय तें पाहावें. तो लेथवर कातून घेतां येतो, परंतु निर्मात्यानें घातलेल्या मर्यादेच्या आंतच. ड्रम मोठा झाला कीं लायनरही जाड हवा, व तो त्याच गोलाईचा कातलेला हवा. झिजलेला कॅम आणि सैल बुश बदलावे, आणि कॅमच्या दांड्यास ग्रीस नखभरच लावावें.

चाक चढवितांना ब्रेक दाबून धरून मगच एक्सलचा नट आवळावा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. नवा लायनर एकदम पूर्ण पकड देत नाहीं. मोकळ्या रस्त्यावर, मंद वेगानें त्यास वारंवार घासूं द्यावें. वेग दुप्पट झाला कीं त्याच ब्रेकनें गाडी थांबावयास चौपट अंतर लागतें, हें विसरूं नये. जुन्या गाडीचा जीर्णोद्धार अवश्य करावा. मात्र पहिला रुपया ब्रेकवर खर्चावा, रंगाचा विचार मागाहून.