डिझेलच्या दाबाचा राखणदार

पवन मावळात लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोणा हे चार किल्ले एकमेकांच्या दृष्टिपथात उभे आहेत. त्यांपैकी तिकोण्याच्या, म्हणजेच वितंडगडाच्या, पायथ्याशी तिकोणा पेठ हे गाव आहे. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या मालाच्या वाटांवर ह्या किल्ल्यांची नजर असे. त्या काळी ओझी बैलांच्या पाठीवरून जात. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असता, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच घाटाने आगगाडी चढू लागली. आज खोऱ्यातला भात आणि गुलाबाची फुले बाहेर जातात, खत, सिमेंट आणि लोखंड आत येते, आणि ह्या साऱ्या मालाचे ओझे डिझेलवर चालणाऱ्या ट्रकाने व टेंपोने उचलले आहे.

असा एखादा ट्रक मुंबईकडून माल भरून परत येत आहे असे समजू. खोपोलीपर्यंत सपाटीवर तो बिनतक्रार धावतो. बोरघाटाची चढण लागताच मात्र त्याचा जोर सरतो. ड्रायव्हर पाय दाबतो, इंजिन गुरगुरते, पण गाडी लोडला ओढत नाही. मागे वाहनांची रांग लागते. कसाबसा घाट चढून ट्रक गावी पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच होत नाही. मग कामशेतहून मिस्त्रीला बोलावणे जाते. पंप गेला असावा, नोझल गेले असावे, असे तर्क सुरू होतात. पुष्कळदा ह्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ मुठीत मावेल एवढ्या एका व्हॉल्व्हात असते. त्याला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे इंधनाचा दाबनियामक, असे म्हणतात.

ह्या व्हॉल्व्हाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. तेथे सिलिंडरातील हवा दट्ट्याने दाबून पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतकी लहान केली जाते. त्या दाबाने हवा इतकी तापते की तीत डिझेलचा सूक्ष्म फवारा शिरताच तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल ह्या जर्मन अभियंत्याला १८९३ साली ह्या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले. परंतु डिझेल आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे. असे इंजिन ट्रकावर चढविणे अवघडच होते. १९२७ साली बॉशच्या कारखान्यातून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने तयार होऊन निघू लागले, तेव्हा ट्रकाचा मार्ग मोकळा झाला. फवारा योग्य वेळी, योग्य मापाने आणि पुरेशा दाबाने आत जाणे, ह्यातच डिझेल इंजिनाचे सारे सामर्थ्य आहे.

जुन्या बनावटीच्या ट्रकात हा पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. टाकीतील डिझेल एक लहान फीड पंप ओढून घेतो, ते फिल्टरमधून गाळून मुख्य पंपाच्या पोटात भरतो, आणि तेथून प्रत्येक सिलिंडराला त्याचा वाटा मिळतो. मुख्य पंपाच्या पोटात सामान्यतः एक-दीड बार, मोठ्या पंपांत त्याहून काही अधिक, दाब कायम राहावा लागतो. तो राखण्याचे काम ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह करतो. ह्या व्हॉल्व्हात एक गोळी आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग असते. दाब वाढला की गोळी उचलली जाते आणि जादा डिझेल टाकीकडे परत जाते. वर्षानुवर्षांच्या वापराने स्प्रिंग मऊ पडते, गोळी लवकर उचलते, आणि पंपाचे पोट अर्धवट भरू लागते. सपाटीवर थोडे डिझेल पुरते, म्हणून दोष लपून राहतो. घाटात पूर्ण मापाची गरज पडते आणि तेथे तो उघडा पडतो.

ह्या व्हॉल्व्हाची बदली हे अल्पशा वेळाचे काम आहे. पंपाचा बाहेरचा भाग धुवून घ्यावा, जुना व्हॉल्व्ह खोलावा, दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर नवी घालावीत, नवा व्हॉल्व्ह बसवावा, हातपंपाने डिझेल भरून एअर काढावी आणि शेवटी लहान गेज लावून दाब पाहावा. जुनीच स्प्रिंग ताणून किंवा तिच्याखाली वॉशर घालून वेळ मारून नेण्याचा मोह काहींना होतो. त्याने गाडी चार दिवस चालते, पण दाब किती झाला हे कोणालाच ठाऊक नसते.

आता नव्या ट्रकाकडे वळू. धूर कमी व्हावा आणि डिझेल पूर्ण जळावे, म्हणून फवारा अधिकाधिक बारीक करण्याची गरज पडली. त्यातून ‘कॉमन रेल’ ही रचना निघाली. १९९५ साली जपानमध्ये ती ट्रकावर आली, १९९७ साली युरोपात मोटारीवर आली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम देशभर लागू झाले. त्यानंतर ही रचना खेडोपाडीच्या ट्रकांत आणि टेंपोंत सर्रास आढळू लागली. हिच्यात पंप एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून साठवितो आणि संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर उघडतात. रेलमधील दाब पूर्ण भारावर १६०० बार, काही इंजिनांत २००० बार किंवा त्याहूनही अधिक असतो.

१६०० बार म्हणजे किती? तिकोणा पेठेजवळच पवना धरण आहे. त्याची भिंत सुमारे ४२ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब जेमतेम ४ बार भरतो. महासागराच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर पाण्याखाली, तो सुमारे ११०० बार असतो. ट्रकाच्या बॉनेटखालील त्या हातभर नळीत ह्याहून मोठा दाब कोंडलेला असतो.

हा दाब क्षणोक्षणी कमीजास्त करण्याचे काम दोन ठिकाणी होते. पंपाच्या तोंडाशी एक मापक व्हॉल्व्ह असतो. तो गरजेपुरतेच डिझेल आत सोडतो. पुष्कळ इंजिनांत रेलच्या टोकाशीही एक विद्युच्चुंबकीय व्हॉल्व्ह असतो. तो जादा डिझेल परतीच्या नळीत सोडून देतो. काही ट्रकांत ह्या दुसऱ्याच्या जागी केवळ यांत्रिक सुरक्षा-व्हॉल्व्ह असतो. रेलवरील सेन्सर दाबाची खबर संगणकाला देतो आणि संगणक त्याप्रमाणे व्हॉल्व्हाला आज्ञा करतो. व्हॉल्व्ह झिजला, त्यात कचरा अडकला किंवा त्याची तार गंजली, म्हणजे गाडी उशिरा सुरू होते, उभ्याने डगमगते, मध्येच बंद पडते, किंवा संगणक तिचा जोर मुद्दाम कमी करून टाकतो. सुरू होतेवेळी रेलमध्ये किमान दाब भरला नाही, तर बहुतेक इंजिने इंजेक्टर उघडतच नाहीत.

येथेच मिस्त्रीच्या बुद्धीची कसोटी लागते, कारण हीच लक्षणे दुसऱ्या अनेक कारणांनी उद्भवतात. फिल्टर तुंबलेला असेल, डिझेलात पाणी असेल, ढिल्या नळीतून पंप हवा ओढत असेल, एखादा झिजलेला इंजेक्टर नको इतके डिझेल परत सोडत असेल, सेन्सरच खोटे सांगत असेल. म्हणून शहाणा मिस्त्री स्वस्त आणि सोपे ते आधी पाहतो. तो फिल्टर तपासतो, तळाचे पाणी काढतो, पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का ते पाहतो, तारांचे जोड पुसतो. मग स्कॅनर लावून संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब ह्यांतील तफावत वाचतो. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावून कोणती लवकर भरते तेही तो पाहतो. एवढे झाल्यावरही बोट व्हॉल्व्हाकडेच राहिले, तरच नवा व्हॉल्व्ह आणावा. तर्काने एकेक भाग बदलीत गेल्यास ज्याच्या पोटापाण्याचे साधन तो एकच ट्रक आहे, अशा मालकाची महिन्यांची कमाई पाहता पाहता खर्ची पडते.

बदलीची रीतही वेगळी आहे. इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडविण्यापूर्वी दाब शून्यावर आला हे स्कॅनरवर पाहावे, आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे. इंजिनाचा तो भाग आधी स्वच्छ करावा, कारण डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही इंजेक्टरला मारक ठरतो. उघड्या तोंडांवर ताबडतोब टोप्या बसवाव्यात. नव्या व्हॉल्व्हाच्या रबरी रिंगला स्वच्छ डिझेल लावावे, आटे प्रथम हातानेच फिरवावेत, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापानेच द्यावा. तेथे टेप किंवा चिकटवण्याचा लेप चालत नाही. एकदा आवळलेला व्हॉल्व्ह काढून पुन्हा बसविणे अनेक बनावटींत निषिद्ध आहे. काम झाल्यावर हातपंपाने डिझेल भरावे, संगणकातील जुनी तक्रार पुसावी, आणि दाब पुन्हा वाचावा.

ह्या साऱ्यात एक गोष्ट प्राणाशी गाठ घालणारी आहे. जुन्या ट्रकाची एअर काढताना इंजिन फिरवीत नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जुन्या इंजिनातही फवाऱ्यासमोर हात धरणे धोक्याचेच होते; नव्या इंजिनात तीच रीत घातक आहे. गाडी नुसती उभ्याने सुरू असली तरी रेलमध्ये शेकडो बार दाब असतो. ढिल्या नटातून निघालेली केसासारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आरंभी वेदनाही फारशी होत नाही, आणि मनुष्य हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र डिझेल बोटांच्या स्नायुबंधांच्या आवरणांतून पसरत जाते आणि मांस मारीत जाते. अशा जखमेवर काही तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. विलंब झाला तर बोट, प्रसंगी हातही, गमवावा लागतो. म्हणून गळती शोधताना हात न फिरविता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, डोळ्यांना चष्मा असावा. आणि कातडीत धार गेल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती मलमपट्टीत वेळ न घालविता तळेगाव-पुण्याकडील मोठे रुग्णालय गाठावे. दाबाखालचे डिझेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण वरच्या खुणेवरून ते ओळखणे कठीण असते.

जुना मिस्त्री अडाणी असतो असे ह्यावरून कोणी समजू नये. कानाने इंजिनाची तक्रार ओळखणारे, धुराच्या रंगावरून दोष सांगणारे कारागीर ह्या रस्त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. काळ्या धुराचा अर्थ, हवा ओढणाऱ्या नळीचा आवाज, ही विद्या आजही निरुपयोगी झालेली नाही. परंतु १६०० बारचा दाब कानाला ऐकू येत नाही. तो मोजावाच लागतो, आणि मोजण्याची साधने व ती वापरण्याचे शिक्षण खेड्यातील गॅरेजापर्यंत पोहोचावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मावळातील तरुणांनी तो करावा, आणि वडीलधाऱ्या मिस्त्रींनी त्यांच्याकडून स्कॅनर वाचायला शिकण्यात कमीपणा मानू नये. त्याच वेळी त्या तरुणांनीही वडीलधाऱ्यांकडून कान देऊन ऐकण्याची कला घ्यावी.

शहरातील घरात सकाळी येणारे दूध, भाजी आणि धान्य कोणत्या ना कोणत्या घाटातून कोणत्या ना कोणत्या ट्रकाने आलेले असते. तो ट्रक वेळेवर पोहोचावा ही सर्वांचीच इच्छा असते. तो पोहोचविताना कोणा मिस्त्रीचा हात जाऊ नये, आणि कोणा मालकाचे घर अंदाजाच्या दुरुस्तीपायी कर्जात बुडू नये, ही इच्छाही तिच्याबरोबर असावी. पुढच्या खेपेला एखादा मिस्त्री हातातील पाना खाली ठेवून आधी गेजकडे पाहताना दिसला, तर तो वेळ घालवीत आहे असे श्रोत्यांनी समजू नये. त्याच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.