घरच्या डीव्हीडी आता हार्ड डिस्कवर घ्या

सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा या आपल्या पट्ट्यात साधारण 2000 ते 2015 च्या काळात ज्या घरी लग्न झालं, त्या घरच्या कपाटात एखादी डीव्हीडी नाहीतर सीडी हमखास सापडते. शिवाय कुणाकडे जामसावळीची हनुमान जयंती असते, कुणाकडे भजन स्पर्धेत खंजिरी वाजवणारे आजोबा, कुणाकडे गोटमारीच्या दिवशीचा जाम नदीचा काठ. छिंदवाडा–नागपूर छोटी लाईन 2015 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाईन आली. तुमच्या घरच्या लग्नात पाहुणे त्या छोट्या गाडीतून उतरताना दिसत असतील, तर ते दृश्य आता पुन्हा कुणाला टिपता येणार नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की सुरुवात घरच्या डीव्हीडींपासून करा. सिनेमांची घाई नाही. ते दुसरीकडे मिळतात, आणि विकत घेतलेल्या सिनेमांच्या डीव्हीडीला बहुधा कॉपी रोखणारं कुलूपही असतं. ते तोडण्याच्या भानगडीत पडू नका. घरच्या चित्रीकरणाला असं कुलूप नसतं.

कंपनीतून छापून आलेली डीव्हीडी वेगळी आणि स्टुडिओवाल्याने राइट करून दिलेली वेगळी. राइट केलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरावर उमटलेलं असतं. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. आपल्याकडचा मे महिना आणि टिनाखालचा माळा, एवढं त्याला पुरतं. डीव्हीडी उजेडात तिरपी धरून पाहा. कडेला डाग किंवा फिकट पट्टा दिसला, तर तिचा नंबर आधी लावा. सीडी असेल तर वरची, नाव लिहिलेली बाजूसुद्धा तपासा. सीडीत चित्राचा थर त्या बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळे वरून पडलेला ओरखडा जास्त घातक ठरतो. पुसायचं ते मऊ सुती कापडाने, मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका.

नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच नसते. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. डीव्हीडी उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसेल. ते अख्खंच्या अख्खं हार्ड डिस्कवर उतरवा, त्यातल्या फाइली निवडत बसू नका. जुन्या व्हीसीडीत मात्र 'एमपीईजी एव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' फाइल असते, ती घ्या. मध्येच कॉपी अडली तर त्याच ड्राइव्हशी झटापट न करता दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डीव्हीडी दुसरा पुष्कळदा वाचतो.

जागेची काळजी नको. साधी डीव्हीडी 4.7 जीबीची असते, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर दोनशेच्या आसपास मावतात. म्हणूनच मूळ फोल्डर तसंच ठेवा, असा माझा आग्रह आहे. मोबाइलवर पाहायला छोटी फाइल हवी असेल, तर हँडब्रेक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून वेगळी प्रत बनवा. चालत्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर त्यातला 'डीइंटरलेस' हा पर्याय सुरू करा. चित्र उगाच मोठं करू नका. डीव्हीडीत मुळात 720 गुणिले 576 एवढेच ठिपके असतात, ताणल्याने त्यात काही वाढत नाही.

फोल्डरच्या नावात आधी साल, मग गाव, मग प्रसंग लिहा, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत बसवून एकदा पूर्ण चित्रफीत पाहा. पंगतीत वाढणारे कोण, मंगळसूत्राच्या वेळी मागे उभी असलेली बाई कोण, हे सांगणारी माणसं आज घरात आहेत. ती नावं एका साध्या फाइलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. प्रत शेवटपर्यंत नीट चालते की नाही, तेही याच बैठकीत कळेल.

हार्ड डिस्कही बिघडते, हातातून पडते. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये फिल्म संस्थेच्या आवारात आग लागली आणि जुन्या मराठी चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फिती जळून गेल्या. एकाच जागी ठेवलेल्या ठेव्याचं असं होतं. म्हणून दोन हार्ड डिस्क करा. एक सौंसरला ठेवा, दुसरी नागपूरला मुलीकडे किंवा भावाकडे. वर्षातून एकदा दोन्ही जोडून उघडतात का ते बघा.

कॉपी झाली म्हणून मूळ डीव्हीडी भंगारात देऊ नका. कव्हरात घालून, उभी करून, घरातल्या थंड कपाटात ठेवा. आणि जिच्या कडेला डाग दिसतो आहे, ती याच आठवड्यात उतरवून घ्या.