उकिरडा आणि घागर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. पण घरचा केर आणि घरचे पाणी ही दोन्ही आपल्याच हातची कामे, म्हणून दोन शब्द बोलते.

पूर्वी उकिरड्यावर शेण, राख, पालापाचोळा पडे. त्याचे खत होऊन शेतात जाई. आज त्याच ढिगात बॅटरीचे सेल, फुटक्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे, जुनी औषधे असतात. त्यावर पाऊस पडला की काळे पाणी पाझरते. त्यात क्षार असतात, शिशासारखे धातू उतरतात आणि कुजण्यातून नायट्रेट तयार होते. ते जमिनीत मुरून विहिरीला आणि बोअरला मिळते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसात घाणीला त्या भेगांतून वाटच मिळते.

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी हे भोगले आहे. 1991 पासून शहराचा कचरा तेथील जुन्या दगडखाणींत पडू लागला. विहिरींचे पाणी नासले आणि बायाबापड्यांना टँकरची वाट पाहावी लागली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, पुढे ढिगाचा काही भाग झाकला गेला. पण जे खाली मुरले, ते ढीग झाकल्याने परत येत नाही.

आपण तर खारपाणपट्ट्यातल्या. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे कोणाला सांगायला नको. वान धरणाचे गोड पाणी नळाला येते. पण नळ चार दिवस आला नाही की पाय पुन्हा विहिरीकडेच वळतात. त्या पाण्यात मीठ निसर्गाने घातले आहे, त्यात विषाची भर आपण का घालावी?

पुष्कळ जणी म्हणतात, पाणी उकळून घेऊ. उकळल्याने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट आणि शिसे जात नाहीत. पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण वाढतेच. लिटरला 45 मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात तान्ह्याचे वरचे दूध कालवले, तर बाळ निळे पडू शकते. असे पाणी दिसायला स्वच्छच असते, म्हणून जास्त जपायचे.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. ओला कचरा घरीच खड्ड्यात जिरवावा. सेल, ट्यूब आणि औषधे वेगळ्या डब्यात ठेवून वेगळीच गाडीत द्यावीत. 2016 च्या सरकारी नियमांतही हेच सांगितले होते. आणि कचरा टाकण्याच्या जागेजवळच्या विहिरींचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर प्रयोगशाळेत तपासावे, आणि नवी जागा निवडताना विहीर व नाला दूर पाहावा, असा अर्ज मंडळाने नगरपंचायतीकडे द्यावा. खेड्यांतल्या भगिनींना जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासण्याच्या पेट्या मिळाल्या आहेत, त्या फडताळात पडू देऊ नयेत.

अर्जावर पहिली सही मी करते. आपणही कराल, अशी आशा बाळगून माझे भाषण संपवते.